अणूच्या पलीकडचे होमी भाभा

होमी भाभा हे नाव ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? अणुभट्टी, ट्रॉम्बे, बीएआरसीची परीक्षा आणि भारतीय अणुशक्तीचे जनक ही पदवी. शाळेत सामान्यज्ञानाच्या पुस्तकात त्यांच्यावर चार ओळी असायच्या. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये त्या इंग्रजीतून होत्या, एवढाच काय तो फरक! पण त्या चार ओळींत एक गोष्ट कुठंच नव्हती. आज आपण ईअँडटीसीवाले ज्या विषयावर चार वर्षं डोकं आपटतो, तो इलेक्ट्रॉनिक्सचा विषय आपल्या देशात मुळापासून रुजवणाऱ्यांत भाभा अगदी पुढच्या रांगेत होते.

मित्र-मैत्रिणींनो, म्हणूनच या लेखात अणुबॉम्बबद्दल फार काही सापडणार नाही. सापडेल ते वजन, बॅटरी आणि मिलिॲम्पिअर यांच्याबद्दल. म्हणजे आपल्याच सिलॅबसबद्दल म्हणा ना!

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुखवस्तू पारशी घराण्यात झाला. वडील जहांगीर वकील, आई मेहेरबाई. आत्याचं नावही मेहेरबाईच आणि ती सर दोराबजी टाटांना दिलेली. त्यामुळे पोलाद, वीज, कारखाने हे विषय घरातल्या बोलण्यातच असायचे. घरात पुस्तकं होती, पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्डी होत्या आणि होमीच्या हातात कायम मेकॅनोचा खेळ असायचा. सोबतच्या पुस्तकात दिलेली मॉडेल्स बनवण्यापेक्षा आपल्या डोक्यातली मॉडेल्स जोडायला त्याला जास्त आवडायचं. चित्रकला आणि संगीत हे त्याचे आयुष्यभराचे छंद झाले. आपल्याकडे पोराला चित्रं काढताना बघितलं की आधी मार्क विचारतात. होमीच्या घरी तसं नव्हतं, हे त्याचं नशीब.

शिक्षण झालं मुंबईच्या कॅथेड्रल अँड जॉन कॉनन शाळेत, मग एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. १९२७ साली होमी केंब्रिजला गेला. वडिलांची आणि दोराबजींची इच्छा अशी, की पोरानं मेकॅनिकल इंजिनिअर व्हावं आणि परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावं. पोराचं मन मात्र गणित आणि फिजिक्सकडे. ही स्टोरी ओळखीची वाटते ना? आपल्या हॉस्टेलच्या दर दुसऱ्या खोलीत एक तरी असा सापडतो, की ज्याला व्हायचं होतं एक आणि ॲडमिशन घेतली भलतीकडे.

होमीनं यावर रुसवेफुगवे केले नाहीत. वडिलांशी सरळ बोलणी केली आणि त्यातून मार्ग निघाला. आधी मेकॅनिकलचा अभ्यासक्रम पहिल्या वर्गात पूर्ण करायचा, मग गणिताला पुढची वर्षं द्यायला घरची हरकत नाही. १९३० मध्ये मेकॅनिकलची परीक्षा पहिल्या वर्गात पास, १९३२ मध्ये गणितातही पहिला वर्ग आणि त्यानंतर डॉक्टरेट. लोक म्हणतात, ते इंजिनिअरिंग सोडून शास्त्रज्ञ झाले. मला तसं वाटत नाही. पुढं त्यांनी जे जे उभं केलं त्यात तो सुरुवातीचा इंजिनिअर सारखा डोकावत राहतो.

त्या काळात केंब्रिजमध्ये नव्या भौतिकशास्त्राचा नुसता पूर आलेला होता. १९३२ सालीच तिथं न्यूट्रॉनचा शोध लागला. भाभांनी विषय निवडला विश्वकिरणांचा. अंतराळातून अतिशय वेगानं येणारे कण हवेवर आदळतात, त्यातून नवे कण तयार होतात, त्यांच्यातून आणखी नवे, आणि खाली येईपर्यंत त्या कणांची एक सरच होऊन जाते. हे कसं होतं याचं गणित भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी १९३७ साली मांडलं आणि भाभांचं नाव जगभर झालं.

१९३९ साली ते सुट्टीसाठी भारतात आले आणि सप्टेंबरमध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. परतीचा रस्ता बंद! मग बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी काम धरलं. तिथं सर सी. व्ही. रामन होते. १९४१ मध्ये वयाच्या एकतिसाव्या वर्षी भाभा रॉयल सोसायटीचे फेलो झाले. आणि इथूनच आपल्या विषयाची खरी सुरुवात होते, कारण आतापर्यंत कागद-पेन्सिलवाले असलेले भाभा बंगलोरला प्रयोगांच्या मागे लागले.

विश्वकिरण मोजायचे तर जितकं वर जाल तितकं चांगलं. जमिनीपर्यंत फक्त उरलेसुरले कण पोचतात. म्हणजे मोजणारं यंत्र उचलून आकाशात न्यायला हवं. भाभांच्या गटानं युद्धाच्या काळात भारतात असलेल्या अमेरिकन हवाई दलाच्या विमानांतून आपली उपकरणं सुमारे ३० हजार फुटांवर नेली आणि तिथं मोजमापं घेतली. पुढं रबरी फुग्यांना बांधूनही उपकरणं वर सोडली जाऊ लागली.

आता जरा डिझायनरच्या नजरेनं बघा. गायगर काउंटरला शेकडो व्होल्टचं हाय व्होल्टेज लागतं. सिग्नल मोठा करायला तेव्हा ट्रान्झिस्टर नव्हता, काचेचे व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्ह चालण्याआधी त्याची फिलामेंट तापवावी लागते, म्हणजे सिग्नल येवो न येवो, वीज सारखी जळतच राहते. वर कडाक्याची थंडी, विमानात धक्के आणि फुग्याला तर एक-एक ग्रॅम जड. मोठी बॅटरी लावली तर फुगा वर जात नाही आणि लहान लावली तर मोजमाप पूर्ण व्हायच्या आत यंत्र बंद पडतं. एकदा वर गेलेलं यंत्र बिघडलं तर शिडी लावून दुरुस्त करता येत नाही. वजन, वीज आणि भरवसा, तिन्ही एकदम सांभाळायचे. आज पोर्टेबल उपकरणाच्या डिझाइनवर जाड पुस्तकं निघतात, पण त्यांचं सार या फुग्याखाली लटकणाऱ्या पेटीत होतं.

हे सार आजच्या भाषेत मांडून बघू. समजा, शेवगावच्या शिवारात कपाशीच्या रानात जमिनीचा ओलावा मोजणारं एक छोटं यंत्र ठेवायचंय. आत एक मायक्रोकंट्रोलर, एक सेन्सर आणि २२० मिलिॲम्पिअर-अवरचा बटन सेल. सगळं मिळून चालू असताना १० मिलिॲम्पिअर खातं असं धरू. प्रोग्रॅम असा लिहिला की ते सारखं चालूच, तर हिशोब सोपा आहे. २२० भागिले १० म्हणजे २२ तास. दुसऱ्या दिवशी शेतकरी आपल्या नावानं शिमगा करणार! आता तोच प्रोग्रॅम असा बदला, की यंत्र दर १० मिनिटांनी फक्त एक सेकंद जागं होईल आणि बाकी वेळ झोपेल. झोपेत ते ५ मायक्रोॲम्पिअर घेतं असं समजा. सरासरी निघते साधारण २२ मायक्रोॲम्पिअर. तोच सेल कागदावर १० हजार तास, म्हणजे ४०० दिवसांच्या वर पुरतो. प्रत्यक्षात थोडा कमी पुरेल, कारण सेल आपोआपही उतरतो. पण एक रुपयाचाही नवा पार्ट न घालता २२ तासांचं वर्ष झालं. ओलावा काही दर मिलिसेकंदाला बदलत नाही, एवढं ज्याला कळलं त्यालाच हे सुचतं. यंत्र कशासाठी आहे हे आधी समजून घ्यायचं आणि मग पार्ट निवडायचे, ही शिस्त त्यातली मुख्य गोष्ट.

भाभांकडे झोपणारा मायक्रोकंट्रोलर नव्हता, पण ही शिस्त होती. आणि त्यांना एक गोष्ट फार लवकर उमगली होती. असली उपकरणं बाजारात विकत मिळत नाहीत. मिळाली तरी आपल्या कामाला जशीच्या तशी बसत नाहीत. ती ज्याची त्यानंच बनवावी लागतात.

मार्च १९४४ मध्ये त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनाची संस्था काढायची योजना मांडली. मुद्दा असा होता, की अणूपासून वीज बनवायची वेळ येईल तेव्हा भारताला तज्ज्ञांसाठी परदेशाकडे तोंड करावं लागू नये, ते घरातच तयार असावेत. लक्षात घ्या, तेव्हा अणुबॉम्बही पडलेला नव्हता आणि देश स्वतंत्रही नव्हता. १९४५ मध्ये बंगलोरमध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे आपलं टीआयएफआर सुरू झालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी ते मुंबईला पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आलं. पुढं गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये आणि शेवटी कुलाब्याला समुद्राकाठी स्वतःच्या इमारतीत. तिचं उद्घाटन जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. बांधकामाच्या आड येणारी झाडं तोडण्यापेक्षा उचलून दुसरीकडे लावण्यावर भाभांचा भर असायचा आणि संस्थेच्या भिंतींवर त्यांनी चांगल्या चित्रकारांची चित्रं लावली. चित्रं काढणारा मुलगा मोठेपणीही हरवला नव्हता.

दरम्यान १९४८ साली अणुऊर्जा आयोग स्थापन होऊन भाभा त्याचे अध्यक्ष झाले. आणि टीआयएफआरमध्ये इलेक्ट्रॉनिक्सचा एक गट वाढत होता. त्याचं नेतृत्व होतं ए. एस. राव यांच्याकडे. काउंटर, ॲम्प्लिफायर, पॉवर सप्लाय, किरणोत्सर्ग मोजायची यंत्रं, सगळं इथं बनायला लागलं. ट्रॉम्बेला अप्सरा ही अणुभट्टी उभी राहिली तेव्हा या गटाची खरी परीक्षा झाली. अप्सराचं इंधन ब्रिटनमधून आलं होतं, पण भट्टी आपल्या लोकांनी बांधली आणि तिच्या नियंत्रणाचं इलेक्ट्रॉनिक्सही इथंच बनलं. ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा सुरू झाली. सोव्हिएत रशिया सोडला तर आशियातली ती पहिली अणुभट्टी. अणुभट्टीत काय चाललंय हे डोळ्यांनी दिसत नाही, ते मीटरवरच कळतं. म्हणजे मीटर बनवणाऱ्यावर सगळ्यांचा जीव. आपण लॅबमध्ये मीटर खोटं दाखवतोय म्हणून हसून सोडून देतो, तिथं तसं चालत नसतं.

त्याच सुमारास टीआयएफआरमध्ये आणखी एक धाडस चाललं होतं. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली थोड्याशा तरुणांनी भारतात संगणक बांधायला घेतला. आधी कुणी संगणक बांधलेला नव्हता. पुस्तकं आणि शोधनिबंध वाचायचे, सर्किट जोडायचं, चुकलं की पुन्हा जोडायचं. आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र झालं आणि १९६० मध्ये पूर्ण संगणक चालू झाला. १९६२ मध्ये नेहरूंनी त्याला टीफ्रॅक हे नाव दिलं. त्याची लोखंडी चौकट १८ फूट लांब आणि ८ फूट उंच होती. आत २७०० व्हॉल्व्ह, १७०० जर्मेनियम डायोड आणि १२५०० रेझिस्टर होते. स्मृती २०४८ शब्दांची, एक शब्द ४० बिटचा. हिशोब केला तर बरोबर १० किलोबाइट. आज आपण प्रोजेक्टसाठी जी ईएसपी-३२ ची चिप घेतो तिच्यात याच्या पन्नासपट स्मृती असते आणि ती तळहाताच्या एका कोपऱ्यात मावते.

विजेचं बघा. त्या काळच्या साध्या व्हॉल्व्हची फिलामेंट ६.३ व्होल्टवर ०.३ ॲम्पिअर, म्हणजे साधारण १.९ वॅट खायची. तसे २७०० व्हॉल्व्ह धरले तर नुसत्या फिलामेंटसाठीच पाच किलोवॅट होतात. आपल्या भागातल्या माणसाला समजेल असं सांगायचं तर साडेसात एचपीची पाण्याची मोटर चालवायला लागते जवळपास तेवढी वीज, आणि तीही एक बेरीज करायच्या आधीच! शिवाय ती सगळी वीज उष्णता होऊन खोलीत पसरणार.

आता खरी गंमत (की दुःख?) पुढं आहे. टीफ्रॅक तयार होईपर्यंत जग बदललं होतं. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ चा. १९५४ मध्ये अमेरिकेत चार ट्रान्झिस्टरवर चालणारा खिशातला रेडिओ दुकानात आला. १९५८-५९ मध्ये इंटिग्रेटेड सर्किटचा शोध लागला आणि १९५९ मध्ये आयबीएमनं पूर्ण ट्रान्झिस्टरवरचा संगणक जाहीर केला. म्हणजे आपला पहिला मोठा संगणक जन्माला आला तोच जुना होऊन. १९६४ मध्ये टीआयएफआरनं सीडीसी ३६०० हा अमेरिकन संगणक आणला आणि टीफ्रॅकचं काम थोड्याच काळात संपलं.

मग ती सगळी मेहनत पाण्यात गेली का? आमच्या खोलीवर यावर दोन रात्री वाद झाला. एका बाजूचं म्हणणं, की विकत घेतला असता तर पाच वर्षं वाचली असती. दुसरी बाजू म्हणते, की पाच वर्षांत जी माणसं तयार झाली ती विकत मिळत नाहीत. मला दुसरं पटतं, पण पहिलं खोडूनही काढता येत नाही. स्वतः बनवायचं म्हणून मागं राहायचं, यात काही भूषण नाही. बनवताना जगाकडे एक डोळा उघडा हवाच.

भाभांनाही हे कळलं असणार, कारण यानंतरचं त्यांचं काम एका यंत्रापुरतं राहिलं नाही. १९६२ च्या चीनयुद्धात आपल्या सैन्याची जी अवस्था झाली तिच्यानंतर सरकारला इलेक्ट्रॉनिक्सचं महत्त्व पटलं. डोंगरात पाठीवर घेऊन जायचा वायरलेस सेट जड असेल, त्याची बॅटरी थंडीत उतरत असेल, तर जवानाच्या शौर्याला संदेश पोचवता येत नाही. पोर्टेबल हा शब्द तिथं फॅशनचा नसतो. ऑगस्ट १९६३ मध्ये सरकारनं इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. अध्यक्ष भाभा आणि सभासद विक्रम साराभाई, एस. भगवंतम व ए. एस. राव. या समितीनं देशात कोणती उपकरणं लागतील, त्यांना कोणते भाग लागतील, ते भाग इथं कसे बनतील, माणसं कुठून येतील, हे सगळं मांडलं आणि दहा वर्षांत स्वतःच्या पायावर उभं राहायचं ध्येय ठेवलं. नुसते परदेशी सुटे भाग आणून स्क्रू पिळण्याला त्यांनी उद्योग मानलं नाही. डिझाइन आपलं हवं, हा त्यांचा आग्रह. १९६६ मध्ये हा अहवाल प्रसिद्ध झाला. पण तो अमलात येताना बघायला भाभा नव्हते.

आपल्या शेजारच्या जायकवाडी धरणाची, ज्याच्या नाथसागराचं पाणी शेवगाव तालुक्याच्या गावांना टेकतं, पायाभरणी ऑक्टोबर १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. ११ जानेवारी १९६६ रोजी शास्त्रीजी ताश्कंदला वारले. त्यानंतर तेराच दिवसांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, व्हिएन्नाच्या बैठकीला निघालेले भाभा एअर इंडियाच्या बोइंग ७०७ विमानानं जिनिव्हाजवळ पोचले होते. विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ११७ माणसं होती, कुणीही वाचलं नाही. भाभा ५६ वर्षांचे होते. त्यांनी लग्न केलं नव्हतं.

या अपघाताबद्दल मोबाइलवर नाना तऱ्हेच्या घातपाताच्या कथा फिरतात. वाचायला थरारक असतात, पण चौकशीत जे निघालं ते इंजिनिअरसाठी जास्त थरारक आहे. विमान बैरूतहून निघालं तेव्हाच त्याचा एक व्हीओआर रिसीव्हर, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून आपली जागा सांगणारं उपकरण, बंद होता. वैमानिकानं आपली जागा चुकीची धरली. खाली रडारवर बसलेल्या नियंत्रकाला खरी जागा दिसली, त्यानं तसं कळवलंही, पण शब्द नेमके नव्हते. वैमानिकाला वाटलं, पर्वत मागं पडला आणि त्यानं उतरणं चालू ठेवलं. एक बंद पडलेलं उपकरण आणि एक अर्धवट कळलेला निरोप. ज्या माणसानं आयुष्यभर भरवशाच्या उपकरणांचा ध्यास घेतला त्याचा शेवट असा व्हावा, याला काय म्हणायचं?

भाभा गेले, पण रोप लागलेलं होतं. जानेवारी १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या संस्थेला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या इलेक्ट्रॉनिक्स गटाच्या कामातून हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजे ईसीआयएल उभी राहिली आणि तिची सूत्रं ए. एस. राव यांच्याकडे आली. १९७० मध्ये केंद्रात इलेक्ट्रॉनिक्सचं स्वतंत्र खातं निघालं.

ईसीआयएलचं एक यंत्र तुम्ही सगळ्यांनी बघितलंय, अठरा पूर्ण झाली असतील तर बटणही दाबलंय. मतदान यंत्र! ते बनवतात फक्त दोन सरकारी कंपन्या, हैदराबादची ईसीआयएल आणि बंगलोरची भारत इलेक्ट्रॉनिक्स. १९८२ साली केरळमध्ये परूरला ते पहिल्यांदा वापरलं आणि २००४ च्या लोकसभेला देशभर सगळीकडे. राजकारणातला वाद बाजूला ठेवून निव्वळ डिझाइन बघा. हे यंत्र पेटीत घालून एसटीनं, जीपनं, कुठं कुठं डोक्यावरून नेतात. गावच्या शाळेत लाइट असो नसो, बॅटरीवर दिवसभर चालतं. काम एकच, मत मोजणं, म्हणून आत फालतू काही नाही. बॅटरी संपली तरी मोजलेलं पुसत नाही. हे छोटं, हलकं, कमी वीज खाणारं आणि एकाच कामाला वाहिलेलं यंत्र म्हणजे आपण ज्याला एम्बेडेड सिस्टिम म्हणतो त्याचं पुस्तकातलं उदाहरण. फुग्याखालच्या पेटीपासून शाळेतल्या टेबलावरच्या या पेटीपर्यंत एक धागा सरळ चालत आलाय, असं मला वाटतं.

पण सगळंच गोड सांगितलं तर ते चरित्र होणार नाही, सत्काराचं भाषण होईल. भाभांच्या मार्गाची एक किंमतही होती आणि ती आपल्यासारख्यांनी मोजली. त्यांनी मोठ्या संस्था विद्यापीठांच्या बाहेर उभ्या केल्या. पैसा, उपकरणं, हुशार माणसं तिकडे गेली. डॉ. मेघनाद साहांसारखे शास्त्रज्ञ तेव्हाच म्हणत होते, की संशोधन विद्यापीठात व्हायला हवं, तरच विद्यार्थ्यांना त्याचा वारा लागेल. आज तालुक्याच्या ठिकाणच्या कॉलेजात बसून मला साहांचं म्हणणं जास्त जवळचं वाटतं. कुलाब्याला समुद्राकाठी जे पिकलं, ते पैठण रोडपर्यंत पोचायला फार वर्षं लागली. अजून पूर्ण पोचलंय असंही नाही.

म्हणून भाभांकडून आपण काय घ्यायचं? त्यांच्यासारखं टाटांचं नातं आपल्याला नाही, केंब्रिजही नाही. घेण्यासारखी आहे ती मेकॅनोवाल्या पोराची सवय. दुसऱ्यानं दिलेलं मॉडेल न जोडता आपलं जोडायचं. फायनल इयरला तयार प्रोजेक्ट विकत मिळतात हे आपल्या सर-मॅडमनाही माहीत आहे. बॉक्स येतो, सोबत रिपोर्ट येतो, व्हायव्हाच्या प्रश्नांची उत्तरंही येतात. दहा हजारांत सुटका! फक्त त्या बॉक्समधली वीज कुठं कुठं जाते ते आपल्याला माहीत नसतं. मग मुलाखतीला कुणी विचारलं, की एवढी मोठी बॅटरी का लावली, तर आपण खिडकीबाहेर बघतो.

याउलट आपल्या आजूबाजूला विषयांचा दुष्काळ नाही. शेतीची लाइट आठ तास आणि त्यातही बऱ्याचदा रात्रीची. मोबाइलवरून मोटर चालू करायचे स्टार्टर आता बांधाबांधावर दिसतात, ते काही फॅशन म्हणून आले नाहीत. रात्री अंधारात, साप-विंचवाच्या वाटेनं विहिरीवर जाणं वाचावं म्हणून ते आले. ते डीपीजवळच्या व्होल्टेजच्या चढउतारात टिकतात का? लाइट गेल्यावर किती वेळ जिवंत राहतात? रेंज नसेल तर काय करतात? ही आपल्या घरच्या माणसांची दुखणी आहेत आणि त्यांची उत्तरं मिलिॲम्पिअरमध्ये लिहिता येतात.

तेव्हा पुढच्या सबमिशनच्या आधी एवढंच करा. आपल्या प्रोजेक्टच्या बॅटरीच्या वायरमध्ये मल्टिमीटर सिरीजमध्ये लावा आणि यंत्र काहीच काम करत नसताना ते किती करंट घेतं ते मोजा. आकडा वहीत लिहा. मग तो अर्धा कसा होईल ते शोधा. लॅब संध्याकाळी पाचपर्यंत उघडी असते आणि मल्टिमीटर आपल्याकडे भरपूर आहेत. डॉ. भाभांना यापेक्षा वेगळी श्रद्धांजली द्यायची मला तरी गरज वाटत नाही.